आमचे घरमालक आणि हैदराबादचा पाहुणा

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कोणाला 'तुमचं नाव काय' असं विचारल्याचं मला आठवत नाही. नाव, हुद्दा, तब्येत या त्यांच्या लेखी किरकोळ गोष्टी होत्या. माणूस समोर आला की त्यांना एकच कळायला हवं असे, की हा आला कुठून. बरं, तुम्ही दिलेलं उत्तर त्यांना नकोच असे. उत्तर ते स्वतः काढत, आणि तुमचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर चूक तुमची. मूल या गावी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने मागायला मी गेलो तेव्हा मोठ्या अदबीने म्हणालो, "नागपूरहून आलो." ते माझ्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघत होते. "नागपूर झालं," ते म्हणाले, "पण मधात भिवापूरच्या वावरात काऊन उतरलते?" मी खरोखरच वाटेत मावशीच्या शेतात तासभर थांबलो होतो. चपलेच्या पट्ट्यात मिरचीचा एक वाळका देठ अडकला होता, तो त्यांनी वाकून काढला, हुंगला आणि खिशात टाकला. खोली मला मिळाली. माझं नाव त्यांना पुढे तीन महिन्यांनी, माझं पत्र चुकून त्यांच्या हाती पडलं तेव्हा कळलं.

या वेडाचं खापर मी त्यांच्या नोकरीवर फोडतो. वनखात्यात तीस वर्षं ते तपासणी नाक्यावर होते. जंगलातून बांबू, साग, तेंदूपत्ता घेऊन ट्रक यायचा, ड्रायव्हर परवाना दाखवायचा, परवान्यावर माल कुठे भरला ते लिहिलेलं असायचं, आणि भाऊ (सगळं गाव त्यांना भाऊच म्हणे) तो कागद न वाचता बाजूला ठेवून ट्रकभोवती प्रदक्षिणा घालायचे. टायरच्या खाचेतली माती बोटाने काढून चोळायची, ताडपत्रीच्या घडीत अडकलेलं पान उलटून बघायचं, क्लीनरच्या डब्यातल्या भाजीचा वाससुद्धा घ्यायचा. मग निकाल. "कागद कोणी बी लिवते हो," ते मला सांगत, "पण टायर कोण धुते?" नाक्यावर त्यांच्या नावाचा एवढा धाक होता म्हणे, की काही ड्रायव्हर खरोखरच नाक्याअलीकडच्या नाल्यात टायर धुऊन येत. ते भाऊंना फार आवडे, कारण मग त्या नाल्याची माती तरी टायरला सापडेच.

निवृत्तीनंतर ट्रक थांबले, पण प्रदक्षिणा थांबल्या नाहीत. बाजारातून मासोळी आली की पहिला घास घेऊन ती कोणत्या तलावाची ते सांगायचे, आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दुसऱ्याच तलावाचं नाव घेतलं तर जेवण सोडून ती धरणाऱ्या ढिवराच्या घरी खात्री करायला जायचे. ते परत येईपर्यंत बाई शांतपणे त्यांचं ताट झाकून ठेवत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी भाताचं एक शीत बोटावर घेऊन जाहीर केलं की हा तांदूळ वरपक्षाच्या शेतातला नाही, विकत आणलेला आहे. वरपक्षाने आदल्याच महिन्यात स्वतःच्या धानाची फुशारकी मारली होती. त्या मांडवात पुढचा अर्धा तास जे झालं, त्यानंतर तालुक्यात भाऊंना पत्रिका सगळ्यांकडून यायची, पण पंगतीत त्यांच्यापुढे फक्त पुरी वाढली जायची. चुकून लागलेले फोन तर त्यांना पर्वणीच. समोरचा 'राँग नंबर' म्हणून ठेवायला गेला की भाऊ म्हणत, "ठेवू नका. मांगं कोंबडा आरवून राह्यला तुमच्या. कुठून बोलून राह्यले?" अशा चुकलेल्या फोनमधून जोडलेली तीन माणसं दरवर्षी दिवाळीला त्यांना पत्र पाठवत. भाऊ ती पत्रं वाचण्याआधी पाकिटावरचे टपालाचे शिक्के वाचत.

त्यांच्या त्या पुढच्या खोलीत मी संगणक केंद्र काढलं होतं. चार कम्प्युटर, एक टेलिफोनची लाइन, आणि इंटरनेट लागताना होणारी ती किंकाळी ऐकून ओसरीवरून उठून जाणारी मांजर. पहिलं वर्षभर भाऊ आत फिरकले नाहीत. मग एक दिवस त्यांना कळलं की या यंत्रावर कोणीही आपलं पान लावू शकतो आणि जगातून कुठूनही माणसं ते बघायला येतात. "कुठून बी?" त्यांनी विचारलं. "कुठून बी," मी म्हणालो, आणि माझ्या पुढच्या पाच वर्षांचं वाटोळं झालं.

त्यांनी नाक्याची साइट काढली. म्हणजे सांगितलं त्यांनी, टाइप केलं मी. ज्या दोन जिल्ह्यांतला माल नाक्यावर यायचा त्यांतल्या गावागावाला एक पान: तिथली माती कशी, झाडं कोणती, पाऊस पडून गेल्यावर टायरला काय चिकटतं. शेवटी एक पान 'निवडक बारा ट्रक', त्यात त्यांनी पकडलेल्या बारा नामांकित गाड्यांच्या कथा. महाराष्ट्रात याहून निरुपयोगी आणि याहून बिनचूक साइट नव्हती. पण भाऊंना पान दाखवण्यात रस नव्हता, येणारा कुठून येतो यात होता. मी त्यांना समजावलं की पान मागणारा प्रत्येक जण आमची साइट ठेवलेल्या दूरदेशीच्या सर्व्हरवर एक नोंद सोडून जातो: किती वाजता आला, कोणतं पान पाहिलं, कोणत्या दुसऱ्या पानावरून उडी मारून आला, आणि त्याच्या इंटरनेटचा नंबर. "कोणत्या पानावरून आला हे तो स्वताच सांगते?" "हो. त्याचं यंत्र सांगतं." "मंग तो झाला परवाना. सोडा. नंबर?" मी म्हणालो, नंबर त्याला बदलता येत नाही, आणि कोणता नंबर कोणत्या शहराचा याची यादी मिळते. भाऊंनी खुर्ची ओढली. "ते माती झाली," ते म्हणाले. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी सर्व्हरवरची नोंदवही उतरवून घ्यायची आणि एकेका नंबराला शहर लावायचं, हा आमचा नेम झाला. केंद्रातली गिऱ्हाइकं ताटकळत बाहेर उभी राहत आणि भाऊ आतून ओरडत, "पुण्याचा आला एक! दोन मिन्टात पळाला!"

आणि मग हैदराबाद आलं. दर शुक्रवारी दुपारी एकच पाहुणा, नंबर हैदराबादचा, आणि पान एकच, ते 'निवडक बारा ट्रक'. तिसऱ्या शुक्रवारची नोंद बघून भाऊंनी मला ते पान उघडायला लावलं. बाराव्या ट्रकवर बोट ठेवून म्हणाले, "हमीद हाय."

हमीदचाचा हे नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. नाक्यावर वीस वर्षं एकाच टेबलाशी, एकाच रजिस्टरवर बसलेला भाऊंचा जोडीदार. भाऊ मातीचे तर हमीदचाचा झाडाच्या सालीचे आणि धुळीचे जाणकार. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सागाचा एक ट्रक आला. परवाना जिवतीचा. भाऊ म्हणाले, खोटा आहे, हा माल आलापल्लीकडचा. हमीदचाचा सालीवरून बोट फिरवून म्हणाले, पांढरी धूळ आहे, चुनखडीची, ट्रक जिवतीचाच. भाऊ म्हणाले, ही धूळ सिमेंटची, गाडीने आधी सिमेंट वाहिलं असणार. आणि मग ड्रायव्हर, क्लीनर आणि सात-आठ माणसांसमोर म्हणाले, "हमीद, तुह्या डोळ्याले मोतीबिंदू झाला." हमीदचाचांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यानंतर अकरा महिने दोघं त्याच टेबलाशी बसले, तेच रजिस्टर एकमेकांकडे सरकवत, आणि एक अक्षर बोलले नाहीत. निवृत्त होऊन चाचा हैदराबादला मुलाकडे निघून गेले. भाऊंनी घरात आणि गावात बजावलं, त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. पुढे चौकशीचं पत्र आलं. ट्रक जिवतीचाच होता. ते पत्र भाऊंनी पेटीच्या तळाशी घातलं, आणि साइटवरच्या बाराव्या ट्रकच्या कथेत मात्र आलापल्ली आणि सिमेंट तसंच लिहवून घेतलं. हे सगळं त्यांनी मला त्या शनिवारी एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "मले त्याले भेटाचं हाय. आता दोघाइचं बी वय झालं. राहून जाईन."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात मीच तो नंबर ज्या कंपनीच्या नावावर होता तिचा हैदराबादचा पत्ता शोधून दिला. बाईंना 'डोळे दाखवाले जाऊन राह्यलो' असं सांगून भाऊ बल्लारशाहून गाडीत बसले. चौथ्या दिवशी परतले तेव्हा दमलेले होते, पण डोळ्यांत चमक होती. तो पत्ता म्हणजे काचेची भलीमोठी इमारत निघाली. फाटकावर चौकीदार, त्याच्यापुढे रजिस्टर, आणि रजिस्टरात 'कुठून आलात' असा रकाना! त्या रकान्यात सगळ्यांनी नुसतं 'हैदराबाद' लिहिलेलं बघून भाऊंचं पित्त खवळलं. त्यांनी चौकीदाराला मोडक्या हिंदीत अर्धा तास झापलं. त्या बिचाऱ्याने तोवर कोणी आपल्या रजिस्टरात एवढा रस घेतलेला पाहिला नव्हता. त्याने यांना खुर्ची दिली. दोन दिवस भाऊ त्या फाटकाशी बसले. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत होते, पण त्या इमारतीत म्हातारे कामालाच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीदार जेवायला गेला तेव्हा रजिस्टर भाऊच भरत होते आणि तिथले साहेब लोक निमूटपणे बूट उचलून तळवे दाखवत होते, असं ते शपथेवर सांगत. "हमीद नाई भेटला," शेवटी म्हणाले, आणि चहा न घेता आत गेले.

यानंतर ते आठवडाभर केंद्रात आले नाहीत. पुढच्या शनिवारी आले, कारण आदल्या दिवशी पाहुणा पुन्हा येऊन गेला होता. मी नोंद वाचून दाखवली: तीन वाजून चार मिनिटांनी आला. "मांगच्या पंधरवड्यात?" दोन वाजून सात मिनिटांनी. भाऊंनी मान वर केली. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. त्या काळात आमच्याकडे भारनियमन जोरात होतं, लाइन, म्हणजे वीज, रोज जायची, वेळापत्रक दर पंधरवड्याला बदलायचं, आणि लाइन कधी गेली कधी आली ते मी कॅलेंडरवर टिपून ठेवायचो. भाऊ उठून कॅलेंडरपाशी गेले. त्या शुक्रवारी आमची लाइन तीनला आली होती. त्याआधीच्या पंधरवड्यात दोनला. आणखी मागच्या एका शुक्रवारी पाहुण्याला पान अर्धंच मिळालं होतं, मधेच तुटलं होतं, चार वाजता. आमची लाइन त्या दिवशी चारलाच गेली होती. भाऊ गर्रकन वळले. त्या वयात मी त्यांना उडी मारताना पाहिलं. "अरे, हा हैदराबादचा नाई! हा आपल्याच लाइनीवर हाय!"

मग मला कळलं काय झालं असणार. छोट्या गावातली काही नवी केंद्रं टेलिफोनऐवजी उपग्रहाच्या छत्रीवर चालत. छत्रीवरून मागणी वर आभाळात जाई, हैदराबादला कंपनीच्या केंद्रात उतरे आणि तिथून जगात. सर्व्हरला दिसे ते हैदराबाद. मी हे सांगितलं तसे भाऊ मटकन खाली बसले आणि इतके हसले की ओसरीवरची मांजर पुन्हा उठून गेली. "म्हणजे शेवटच्या नाक्याचा शिक्का पाहून मी गाव ठरवलं! नवीन गार्ड आला का पयल्या दिवशी त्याले हेच सांगत होतो, का शिक्क्यावर जाऊ नको. आन मीच गेलो, तिकीट काढून!"

आता आमच्या भारनियमनाच्या वेळापत्रकात तीन तालुके येत होते. भाऊ नकाशा मागवून मोहीम आखू लागले. कोणत्या गावात छत्री आहे, कोणाला विचारायचं, सुरुवात कुठून करायची. बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "पोंभुर्ण्याले हाय हमीदभाई. पोरीच्या घरी. दोन वर्सं झाली." भाऊंचा नकाशा हातातच राहिला. "तुले माहीत होतं?" "साऱ्या गावाले माहीत हाय. त्याइले हैदराबादचं पाणी नाई मानवलं." "मंग सांगतलं काऊन नाई?" "तुमीच तं नाव काढू नका म्हणलं होतं. आन तुमी गेलते डोळे दाखवाले. दिसलं का मंग बरं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून भाऊ पोंभुर्ण्याला निघाले. वाटभर एकाही वावराची माती त्यांनी मला सांगितली नाही. हमीदचाचा अंगणात बाजेवर बसले होते. किडकिडीत, पांढरी दाढी, जाड चष्मा. भाऊंकडे बघून म्हणाले, "या. बसा." भाऊंचा चेहरा पडला. वीस वर्षं ज्याने 'अबे' म्हणून हाक मारली तो माणूस 'बसा' म्हणत होता. चाचांच्या मुलीने चहा आणला. मग रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलणं झालं, पावसावर झालं, माझ्या स्कूटरच्या ॲव्हरेजवरसुद्धा झालं. भाऊंनी रिकामा कप चार वेळा उचलून खाली ठेवला. मी मनात म्हणत होतो, बोला हो, एकदाचं बोला, नाहीतर तसेच उठून परत याल. शेवटी ते कपाकडे बघतच म्हणाले, "जिवतीचाच होता."

"कोन?"

"ट्रक. कागद आलता मांगून. चुनखडीच होती. तुमचं बरोबर होतं."

हमीदचाचांनी चष्मा काढला, लुंगीला पुसला, परत लावला. "मले काय सांगून राह्यला? मले तं त्याच दिवशी माहीत होतं. तिथं साइटीवर लिव ना! दर शुक्रवारी नमाज झाली का जातो त्या छत्रीवाल्याकडे. म्हणतो आज सुधारलं असन, आज सुधारलं असन. उघडून पाहतो तं सिमेंटच! डोळा तुहा फुटला बे, डोळा!"

भाऊ रडले. उघड, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून रडले, आणि चाचा त्यांच्या पाठीवर थापट्या मारत त्यांना शिव्या देत राहिले. मी उगाच अंगणातल्या कोंबड्या मोजल्या.

घरी आल्या आल्या भाऊंनी मला कम्प्युटरपुढे बसवलं आणि बाराव्या ट्रकखाली लिहवून घेतलं: 'धूळ चुनखडीची होती. ट्रक जिवतीचा होता. हमीदचं बरोबर, माझं चूक.' त्या शुक्रवारी हैदराबादचा पाहुणा आला, मिनिटभर थांबला आणि गेला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. येईल कशाला, त्याचं काम झालं होतं. भाऊ दर शनिवारी नोंदवही बघत आणि पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना ढुंकूनही विचारत नसत. मी म्हणालो, फोन करा ना. "फोनवर काय बोलू? जेवला का म्हणू?" चौथ्या शनिवारी ते येऊन बसले आणि म्हणाले, "पोंभुर्ण्याचं पान काढा. लिवा, माती भरड, धानाच्या कामाची नाई." मी म्हणालो, "भाऊ, हे चूक आहे." "लिवा म्हणलं ना." आणि चाचांच्या पोंभुर्ण्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं: 'साइटीवर नवीन मजकूर टाकला हाय.' पुढच्या शुक्रवारी पाहुणा सहा वेळा येऊन गेला आणि तासाभरात घरचा फोन खणखणला. रिसीव्हर कानापासून हातभर लांब होता तरी मला पलीकडचं स्वच्छ ऐकू येत होतं. भाऊ डोळे मिटून, लग्नातल्या नवरदेवासारखे हसत ऐकत होते.

तेव्हापासून दर आठवड्याला एक चूक. शनिवारी ती सुधारायची आणि नवी घालायची. ती ठरवण्यात भाऊंचा सगळा आठवडा जाई; बाई म्हणत, नोकरीत एवढी मेहनत केली असती तर साहेब झाले असते. सुरुवातीच्या चुका फार नाजूक असत. मोहाच्या फुलांचा हंगाम आठ दिवस पुढे, एखाद्या नाल्याचं वळण डावीकडे. चाचा त्या बरोबर पकडत. पुढे माझं केंद्र बंद पडलं, मी नोकरीसाठी नागपूरला आलो, तरी शनिवारी सकाळी भाऊंचा फोन यायचाच आणि मी इथून चूक टाइप करायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की चाचांची नजर कमी होत चालली तशा भाऊंच्या चुका मोठ्या होत चालल्या होत्या. नाल्याच्या वळणावरून त्या नदीवर आल्या, नदीवरून डोंगरावर. शेवटच्या वर्षी तर ते निव्वळ थापा सांगत. "एवढं तं दिसनच त्याले," म्हणत.

शेवटची चूक, सागासाठीच जे प्रसिद्ध त्या आलापल्लीच्या पानावर आहे: 'या भागात साग होत नाही.' त्या गुरुवारी हमीदचाचा गेले. भाऊ दफनाला जाऊन आले. शनिवारी त्यांचा फोन आला नाही, म्हणून मीच लावला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "भाऊ, आलापल्लीचं सुधारू ना?" ते म्हणाले, "राहू द्या. त्यानं पाह्यलं नाई अजून."

भाऊ आता फारसे बोलत नाहीत आणि साइटबद्दल तर विचारतही नाहीत. ती मी चालू ठेवली आहे. परवा कुठल्याशा कॉलेजातल्या एका मुलीने फार सभ्य शब्दांत कळवलं, की सर, आलापल्लीच्या सागाविषयी आपल्या पानावर गंभीर चूक राहिली आहे, कृपया दुरुस्त करावी. मी तिचे मनापासून आभार मानले. चूक तशीच ठेवली आहे.